‘एकच प्याला’ १९५४ सालात नेताना: जुन्या नाटकाचा काळ बदलून पटकथा कशी लिहावी

जुन्या नाटकाचा काळ बदलून लिहिलेल्या पटकथा माझ्याकडे वाचायला येतात, तेव्हा बहुतेकांसोबत एक जाडजूड फाइल असते. टॅक्सीचं मॉडेल, साडीचे काठ, भिंतीवरची कॅलेंडरं, सगळ्यांचे फोटो नेमके जमवलेले. मग चाळिसाव्या पानाच्या आसपास एखादी व्यक्तिरेखा असं काही करते, की वाचणाऱ्याच्या तोंडून निघतं, ‘अहो, पण हिला आता असं करायची गरजच काय?’ तिथे पटकथा जी बसते ती बसतेच.

नाटकातली माणसं बऱ्याच गोष्टी करतात त्या नाइलाजाने. कायदा, पैसा, नातं, अब्रू, कशाने तरी त्यांच्या बाकीच्या वाटा बंद केलेल्या असतात. या बंद वाटांना मी कुलपं म्हणतो. काळ बदलला की काही कुलपं गळून पडतात, काही नवी लागतात. हा हिशेब आधी करायचा आणि ड्रेसवाल्याला फोन नंतर. लोक नेमकं उलट करतात, म्हणून हा लेख.

उदाहरण सगळ्यांना माहीत असलेलं घेऊ. गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ उचलायचं आणि १९५४ च्या मुंबईत, गिरगावातल्या चाळीत, दारूबंदीच्या ऐन भरात ठेवायचं. कार्यशाळेत मी हा सराव घेतो. कुणाला यातून खरंच काही लिहायचं असेल तर खुशाल लिहा.

## टप्पा १: हक्कांचे कागद

हे काम कंटाळवाणं आहे, पण पहिलंच आहे.

भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून मोजून ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले, त्यामुळे संहिता मोकळी आहे. पण या नाटकातली पदं गडकऱ्यांची नाहीत, ती वि. सी. गुर्जरांनी लिहिली आणि गुर्जर गडकऱ्यांनंतर पुष्कळ वर्षं जगले. म्हणजे पुस्तक एक, लेखक दोन, मुदती दोन. चालींचा हिशेब वेगळा, जुन्या ध्वनिमुद्रिकांचा आणखी वेगळा. परदेशी नाटक घेत असाल तर मूळ नाटक मोकळं असूनही तुमच्या हातातला अनुवाद मोकळा नसू शकतो. नॉर्वेचे नाटककार इब्सेन १९०६ मध्ये गेले, त्यांचे अनुवादक कदाचित आज हयात असतील.

सावधान: नाटकाच्या प्रयोगाची परवानगी म्हणजे चित्रपटाचे हक्क नव्हेत. शिरवाडकर १९९९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या नाटकांना २०५९ पर्यंत हात लावायचा तर वारसांकडून चित्रपटासाठीचं, रूपांतराचा स्पष्ट उल्लेख असलेलं पत्र हवं. ‘तोंडी हो म्हणालेत’ यावर कुणीही पैसे लावत नाही.

## टप्पा २: कुलपांची यादी

नाटक तीनदा वाचा. पहिल्यांदा पेन्सिल न घेता, एका बैठकीत. दुसऱ्यांदा प्रत्येक प्रवेशाला एक कार्ड: कोण कुणाकडे काय मागतो आणि त्याला काय मिळतं. तिसऱ्यांदा फक्त एक प्रश्न विचारत वाचा: हा माणूस इथून उठून निघून का जात नाही?

‘एकच प्याला’ची माझी यादी अशी होते.

सुधाकर हुशार आणि तापट वकील. कोर्टात अपमान होतो, भडकतो, वकिलीची सनद जाते. अपमान आणि रिकामा वेळ एकत्र येतात, तिथेच दारुडा तळीराम प्याला पुढे करतो. त्याच्या बायकोचं, सिंधूचं माहेर सधन, भाऊ पद्माकर न्यायला तयार, तरी ती ‘कशि या त्यजूं पदाला’ म्हणत राहते. सुधाकरची बहीण शरद बालविधवा. आर्य मदिरामंडळ ही शिकलेल्यांची उघड चाललेली दारूची सभा. आणि शेवटी नवऱ्याच्या हातून तान्हं मूल गेलं, स्वतः मरणाच्या दारात आहे, तरी सिंधू पोलिसांपुढे त्याला वाचवायला खोटं बोलते.

यादीत ‘दारूचे दुष्परिणाम’ असं लिहिलंत तर कार्ड फाडा. तो विषय झाला. विषय कुठल्याही काळात जातो, त्याला भाडंही पडत नाही.

तपासा: प्रत्येक कुलपापुढे ते कशाचं आहे ते लिहिलंय का? कायद्याचं, पैशाचं, अब्रूचं की मनाचं? कायद्याची कुलपं तारखेला उघडतात. मनाची उघडायला दोन पिढ्या लागतात.

## टप्पा ३: दशक नको, साल घ्या

‘पन्नासच्या दशकात घडतं’ एवढ्यावर पटकथा लिहिता येत नाही. मुंबई राज्यात एप्रिल १९५० पासून संपूर्ण दारूबंदी आली. मे १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा आला. नोव्हेंबर १९५५ मध्ये फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला आणि त्यानंतर गिरगावातला कुठलाही माणूस फक्त स्वतःच्या घरात राहत नव्हता. म्हणजे १९५४ आणि १९५६ ही एकाच दशकातली दोन वेगळी गावं आहेत. चाळीतलं घरगुती नाटक सांगायचं असेल तर १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्राची चळवळ दार ठोठावून आत येईल, आणि तुम्ही ती न दाखवल्याचं प्रेक्षक लगेच ओळखेल. म्हणून १९५४.

साल निवडताना आणखी एक कस लावा: या काळात नाटकातली कुठली गोष्ट मूळापेक्षा महाग पडते? सत्यजित राय यांनी १९८९ च्या ‘गणशत्रू’मध्ये इब्सेनच्या ‘अॅन एनिमी ऑफ द पीपल’ या नाटकातलं स्नानगृहांचं दूषित पाणी काढून देवळातलं चरणामृत आणलं. मूळ नाटकात डॉक्टर गावाच्या उत्पन्नाला नडतो. इथे उत्पन्नाच्या जोडीला श्रद्धाही आली, त्यामुळे त्याचं खरं बोलणं जास्त महाग झालं. काळ बदलून काहीच महाग होत नसेल तर तो फक्त वेशांतराचा कार्यक्रम.

दारूबंदीत काय महाग होतं? मूळ नाटकात पिणं हे व्यसन आहे. १९५४ मध्ये तो गुन्हाही आहे, आणि पिणारा वकील आहे.

## टप्पा ४: कुलूप-तपासणी

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. तीन रकाने आखा: जुनं कुलूप, नव्या सालात त्याची स्थिती, नवं कुलूप. आता एकेक घेऊ.

सिंधूचं कुलूप. ‘तेव्हा घटस्फोट नव्हताच’ असं समजून लोक पुढे जातात. अखिल भारतीय कायदा १९५५ चा हे खरं, पण मुंबई प्रांतात हिंदू घटस्फोटाचा कायदा १९४७ पासूनच होता. म्हणजे १९५४ च्या सिंधूपुढे कागदावर तरी एक दार आहे आणि तिचा नवरा वकील असल्याने ते घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. साल पुढे सरकवून १९५६ केलंत तरी प्रश्न सुटत नाही. १९५५ च्या कायद्यात क्रूरतेवरून फक्त न्यायिक विभक्तता मिळायची, क्रूरता हे घटस्फोटाचं कारण झालं ते १९७६ च्या दुरुस्तीनंतर. असे बारकावे मूळ कायदा काढून वाचल्याशिवाय हाती लागत नाहीत. वकील मित्राला फोनवर विचारलंत तर तो आजचा कायदा सांगेल.

तर सिंधू का जात नाही? पातिव्रत्य हे मनाचं कुलूप १९५४ मध्ये शाबूत आहे, पण त्यावरच भिस्त ठेवली तर पडद्यावर ती मूर्ती होते. नवं कुलूप दारूबंदीच देते. सिंधूने कुणाकडेही तक्रार केली की प्रकरण पोलिसांत, पोलिसांत गेलं की दारूबंदीचा गुन्हा, आणि शिक्षा झालेल्या वकिलाला सनद परत मिळायची आशा संपली. तिच्या गप्प बसण्यात आता हिशेब आला. सनद परत मिळेपर्यंत कळ काढायची, एवढंच तिने स्वतःला सांगितलंय. प्रेक्षकाला हे पटतं, कारण अशी वाट बघणारी माणसं त्याच्या नात्यात असतात.

पहिला प्याला. हा प्रवेश मला सगळ्यात आवडतो. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदी कायदा बहुतांशी उचलून धरला, पण मद्यार्क असलेली औषधं आणि प्रसाधनं यांच्यावरची बंदी टिकली नाही. आता तळीराम सुधाकरपुढे ग्लास ठेवणारच नाही. तो औषधाची बाटली ठेवेल. आणि ती पिण्यात बेकायदा काही नाही हे सुधाकर स्वतः, निकालाचा हवाला देत, स्वतःलाच पटवून देईल. कोर्टात जो युक्तिवाद करायची त्याला मनाई आहे तो तो घरात, एका बाटलीपुढे करतो आणि जिंकतो. मूळ नाटकात हे नाही. पण मूळ सुधाकर असाच बोलका आणि बुद्धीचा गर्व असलेला आहे, त्यामुळे ते उपरं वाटत नाही.

आर्य मदिरामंडळ. इथे नवशिके हमखास घसरतात. बंदी म्हटल्यावर ते मंडळाला हातभट्टीच्या अड्ड्यावर नेतात: अंधार, कंदील, नवसागराचा वास. पण मूळ मंडळाची गंमतच ही की शहाणीसुरती माणसं उजेडात, नियम-ठरावांच्या थाटात पितात. अंधारात नेलंत की विनोद मेला. दारूबंदीत प्रकृतीच्या कारणावरून परमिट मिळत असे. मग हे मंडळ डॉक्टरी दाखल्याने अधिकृत आजारी ठरलेल्या सज्जनांचं करा. कुणाचं हृदय, कुणाची झोप. एकमेकांची प्रकृती विचारत पितात, आणि कुणी बरा दिसू लागला की बाकीचे काळजीत पडतात.

सनद. सनदेची व्यवस्था १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टने बदलली. त्यानंतरचं साल घेतलंत तर शिस्तभंगाची कारवाई बार कौन्सिलकडे जाते आणि सगळी प्रक्रिया वेगळी दिसते. १९५४ जुन्या व्यवस्थेत बसतं.

शरद. वयाचं गणित करा. १९५४ मध्ये ती बावीस वर्षांची, म्हणजे जन्म १९३२ चा. बालविवाह प्रतिबंधक कायदा १९३० पासून लागू. लग्न बाराव्या वर्षी झालं असेल तर घरच्यांनी कायदा मोडलाय, आणि घर वकिलाचं आहे. अशक्य मुळीच नाही, पण त्याचं उत्तर पटकथेत हवं. शिवाय गिरगावात १९५४ मध्ये विधवेच्या पुनर्विवाहावर तासभर वाद घालणारा सुधाकरचा मित्र रामलाल जरा शिळा वाटेल. मी शरदला शाळेत नोकरी देतो. मग घरात एका बाईचा पगार येतो, आणि सिंधूने तो नाकारणं किंवा घेणं हा नवा प्रसंग मिळतो.

सावधान: एखादं कुलूप नव्या काळात लागतच नसेल तर तीन मार्ग आहेत: उपकथानक कापा, नवं कुलूप शोधा किंवा साल बदला. ‘संवादात सांगून टाकू’ हा चौथा मार्ग नाही. जपानी दिग्दर्शक कुरोसावांनी ‘रान’मध्ये लिअर राजाच्या मुलींचे मुलगे केले, कारण त्या काळच्या जपानी सरदाराने मुलींत राज्य वाटलं असतं तर पहिल्या प्रवेशापासून स्पष्टीकरणं द्यावी लागली असती.

## टप्पा ५: मूळ नाटक त्या काळात होतंच की!

हा खड्डा जवळजवळ कुणालाच दिसत नाही. तुम्ही नाटक त्याच्या जन्मानंतरच्या काळात नेत असाल तर त्या काळातल्या लोकांनी ते नाटक पाहिलेलं असतं.

१९५४ च्या गिरगावात सुधाकर नावाचा पिणारा वकील आणि त्याची बायको सिंधू? चाळीतली पोरं जिन्यावरून नावं ठेवतील. ‘तळीराम’ तर मराठीत दारुड्याचं सामान्यनामच झालंय. तेव्हा एक तर नावं बदला, नाहीतर हे ज्ञान वापरा. मी वापरतो. गणेशोत्सवात चाळीतली हौशी मंडळी नेमकं हेच नाटक बसवतायत, तालमीचा आवाज भिंतीपलीकडून येतोय, आणि आपला वकील ते नाटक किती अतिरंजित आहे यावर सगळ्यांना हसवतोय. त्याचं नाव अर्थातच सुधाकर नाही.

## टप्पा ६: वस्तूला वस्तू

नाटकातली महत्त्वाची वस्तू काढलीत तर तिच्या जागी तेच काम करणारी दुसरी आणा. दिसणं महत्त्वाचं नाही. ‘ओंकारा’त ऑथेल्लोचा रुमाल कमरपट्टा झाला: अंगावरचा, घराण्याचा, दुसऱ्याच्या हाती दिसला की संशयाला पुरेसा. ‘हॅम्लेट’वरच्या ‘हैदर’मध्ये बापाच्या भुताऐवजी कोठडीत त्याच्यासोबत असलेला माणूस येतो, कारण १९९५ च्या काश्मीरमध्ये गायब झालेल्या माणसाचा निरोप असाच येऊ शकत होता.

आपल्याकडची वस्तू म्हणजे जातं. सिंधू लोकांचं दळण दळून घर चालवते. १९५४ च्या मुंबईत नाक्यावर पिठाची गिरणी आहे, दळणाला बाई कोण लावणार? एका सरावात कुणीतरी तिला बायकांच्या पापड-संस्थेत पाठवलं. कल्पना छान, पण गिरगावातल्या सात जणींनी लिज्जत सुरू केलं ते मार्च १९५९ मध्ये. पाच वर्षं चुकली.

जातं काय काम करतं ते लिहा. एक, वकिलाच्या बायकोला न शोभणारे कष्ट. दोन, रात्रभर येणारा आवाज. तीन, मूल मांडीशी ठेवून करता येणारं काम. खाणावळीच्या पोळ्या लाटणं पहिल्या आणि तिसऱ्या अटीत बसतं, आवाजात नाही. शिलाई मशीन तिन्हींत बसतं. वर चौथी गोष्ट फुकट मिळते: मशीन विकता येतं. एका रात्री आवाज बंद होतो आणि चाळीला कळतं.

तपासा: नवी वस्तू गहाण पडते, फुटते, हरवते का? जी फक्त मांडून ठेवलीय ती नेपथ्याची, पटकथेची नव्हे.

## टप्पा ७: भाषा, स्वगत आणि पदं

भाषेचा निर्णय एकदाच घ्या. १९९५ च्या इंग्रजी ‘रिचर्ड तिसरा’ने शेक्सपिअरची भाषा तशीच ठेवून गोष्ट १९३० च्या दशकातल्या हुकूमशाहीत नेली. शेवटी घोड्यासाठी राज्य देऊ करणारा राजा अडकलेल्या जीपमध्ये बसलेला असतो, तरी वाक्य चालतं, कारण पहिल्या मिनिटापासून सगळे तसंच बोलत आलेत. अर्धे संवाद गडकऱ्यांचे आणि अर्धे चाळीतले असं मात्र चालत नाही.

माझी निवड: पल्लेदार वाक्यं आणि कोट्या एकट्या वकिलाला. बाकी सगळे घरच्यासारखे बोलतात. जसजसा तो बुडतो तशी त्याची वाक्यं आखूड होत जातात. शेवटच्या वीस मिनिटांत त्याला एकही कोटी सुचू नये.

स्वगतं थेट व्हॉइसओव्हरमध्ये टाकू नका. कुणाला तरी ऐकवायला लावा: झोपलेलं मूल, बंद कपाट, रिकामं कोर्ट. पदांचं म्हणाल तर पात्राने उभं राहून गायलं की पडदा नाटकाकडे परत ओढतो. शेजारच्या ग्रामोफोनवर बालगंधर्वांची तबकडी लागू शकते. टप्पा ५ मुळे ते आता शक्यही आहे. मात्र टप्पा १ पुन्हा वाचा.

## टप्पा ८: अंक मोडणे

अंक-प्रवेशांची कार्डं जमिनीवर पसरा आणि वनलाइन, म्हणजे दृश्यांचा एकेका ओळीतला आराखडा, नव्याने लिहा. विंगेत घडलेलं सगळं दाखवायलाच हवं असं नाही. मॅकबेथमध्ये राजाचा खून रंगमंचावर होत नाही, कुरोसावांनी त्यावरच्या ‘थ्रोन ऑफ ब्लड’मध्ये पडद्यावरही दाखवला नाही. कॅमेरा वाट बघणाऱ्या बायकोवर राहतो. मारहाणीच्या प्रसंगाला मीही दाराबाहेर थांबतो. नाटक एका दिवाणखान्यात घडतं म्हणून उगाच चौपाटी, रेल्वे स्टेशन, बाजार जोडू नका. कोंडमारा हवा असेल तर खोली एकच असलेली बरी.

## टप्पा ९: चाळणी

पहिला खर्डा झाल्यावर, आधी नव्हे, प्रत्येक पानावरच्या वस्तू, शब्द आणि आकडे तारखेला लावा. १९५४ साठी माझी चाळणी:

– पैसे रुपये-आणे-पैत. नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून.
– वजनं शेर, पावशेर, तोळा. किलो अजून यायचा आहे.
– पाटीवर ‘महाराष्ट्र’ राज्य नको. ते १ मे १९६० चं.
– ट्राम चालेल, १९६४ पर्यंत होती.
– गोवा पोर्तुगीजांकडे. तिकडून आलेली बाटली म्हणजे सीमेवरून चोरून आणलेला माल. किंमत तशी सांगा.
– ‘टेन्शन’, ‘डिप्रेशन’, ‘स्पेस’ कुणाच्याही तोंडी नको.

मग त्या काळात तिथे राहिलेल्या कुणाला तरी बोलावून पटकथा मोठ्याने वाचा. साडी, स्टोव्ह बरोबर आहे का विचारू नका, तेवढं फोटोंत मिळतं. पात्रांच्या वागण्याबद्दल विचारा. आमच्या एका वाचनाला आलेल्या गिरगावकर आजी शेवटचा मारहाणीचा प्रसंग ऐकून म्हणाल्या, ‘चाळीत बाई मार खातेय आणि शेजार झोपून राहतो होय? निदान गॅलरीतला दिवा तरी लागेल.’

मूळ नाटकाला शेजार नाही, म्हणून आम्हालाही सुचला नव्हता. आता तो प्रसंग असा आहे: मशीन विकलेल्या खोलीतून आवाज येतो. गॅलरीत एक दिवा लागतो, मग दुसरा, तिसरा. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणतं, पोलिसांना बोलवा. दुसरा म्हणतो, पोलीस आले की सगळ्या खोल्या उघडतील. परमिट नसलेल्या किती खोल्यांत बाटली आहे ते सगळ्यांना माहीत असतं. दिवे एकेक करून मालवतात.